भाद्रपदातली त्राटिका

जीपमधून उतरल्या उतरल्या सुनिताला अंगणाच्या कडेला पंकजची मोटारसायकल दिसली आणि जव्हारपासून वाटभर स्वतःला बजावत आणलेला शांतपणा तिथंच संपला. मोटारसायकलच्या काचेवर लाल अक्षरांत ‘प्रेस’ लिहिलेलं होतं. धाकट्या भावाने ते स्टिकर चिकटवलं त्या दिवशी सुनितानेच शाळेत पेढे वाटले होते. आता तिला ते नखांनी खरवडून काढावंसं वाटलं.

“आलीस बाय,” बायडी पडवीतून म्हणाली. आईचा आवाज पार बसला होता. परवापासून ती पंकजला शिव्या घालत होती, आणि बायडीच्या शिव्या कधी हळू आवाजात नसत. “फागू येनार हाय. सोंग मागायला.”

“येऊ दे,” सुनिता म्हणाली. “कुठाय तो पत्रकार?”

परवा संध्याकाळी जामसरच्या शाळेतून घरी येऊन ती भाकऱ्या थापत होती. बाहेरच्या खोलीतून हर्षाली ओरडली, “आई, मामी टीव्हीवर!” सुनिता पिठाच्या हातांनीच धावली. पडद्यावर पारू होती, सुनिताच्या भावाची, गौतमची बायको, तोंडात पदर कोंबून रडत होती. तिच्या खाली लाल पट्टी सरकत होती: मृत्यूचा नाच. मग एकदम संबळ वाजायला लागला आणि गौतम आला. गौतम म्हणजे त्याचं अंग, तोंडावर त्राटिकेचं सोंग होतं, वटारलेल्या डोळ्यांचं, जीभ बाहेर काढलेलं. घरच्याच अंगणात तो गोल फिरत होता. एकदा पारू, एकदा त्राटिका, पुन्हा पारू, पुन्हा त्राटिका. आणि वरून एका मुलीचा घाईघाईचा आवाज सांगत होता की डोंगरातले हे लोक आजही तान्ह्या बाळाला दवाखान्यात नेत नाहीत, राक्षसिणीपुढे नाचतात, आणि बाळ हकनाक जातं. सुनिताच्या हातांवरचं पीठ वाळलं तरी ती तशीच उभी होती.

खरं काय ते तिला माहीत होतं. ती स्वतः मातीला आली होती. गौतम-पारूची हर्षदा पाच महिन्यांची होती, नाव आत्यानेच ठेवलेलं. पोरीला ताप आला, जुलाब लागले, आणि पारूने तिला फडक्यात बांधून पावसातून ओहोळापलीकडचा सरकारी दवाखाना गाठला. दाराला कुलूप. डॉक्टर आपल्या घरी, नाशिकला. दवाखान्याची गाडी आवारात उभी, ड्रायव्हरचा पत्ता नाही. कोणीतरी येईल म्हणून पारू पायरीवर बसून राहिली आणि पोर तिथंच तिच्या मांडीवर गेलं. कोणी नाचलं नव्हतं. कोणी भगताकडे गेलं नव्हतं. आणि ते कुलूप? मुंबईहून आलेल्या चॅनेलवाल्यांनी ते वरून, खालून, अगदी जवळून टिपलं होतं. दाखवलं मात्र नाही.

बातमीचा परिणाम मात्र तत्काळ झाला. काल सकाळी दोन सरकारी गाड्या आल्या. दवाखान्यापुढे मांडव पडला, अंधश्रद्धा सोडा म्हणून भाषणं झाली, आणि डॉक्टरसाहेब इस्त्रीचा पांढरा कोट घालून खुर्चीत बसले. पारूला सगळ्यांच्या पुढे बसवून समजावून सांगण्यात आलं की बाळ आजारी पडलं की त्याला दवाखान्यात आणायचं असतं. ती ऐकत राहिली. दुपारी मांडव निघाला, साहेब निघाले, आणि दाराला पुन्हा तेच कुलूप लागलं.

पंकज पडवीत खांबाला टेकून बसला होता. मांडीवर चॅनेलचा माइक, त्यावर चॅनेलचं चिन्ह असलेली चौकोनी डबी. हा माइक त्याला मिळाला तेव्हा तो गणपतीच्या मूर्तीसारखा दोन्ही हातांत धरून घरी घेऊन आला होता.

“ताई, आधी ऐकून घे.”

“परवापासून सगळं राज्य ऐकून घेतंय. तुझं आणखी काय ऐकायचं राहिलंय?”

“मी बातमी लावत नाही. मी फक्त कळवतो. ते लोक आले, शूट केलं, कॅसेट घेऊन गेले. तिकडं एसीत बसलेला माणूस कापतो, जोडतो, आवाज घालतो. त्याने मोखाडा नकाशात तरी बघितला असेल का?”

“आणि आढ्याला बांधलेलं सोंग खाली काढायला कुणी लावलं? नकाशावाल्याने?”

पंकजने माइकची डबी उगीच गोल फिरवली. गौतम अंगणात बांधाच्या दगडावर पाठमोरा बसला होता, हातात कोयता होता पण काम काही चाललं नव्हतं. सुनिता त्याच्याकडे वळली. पंकजचा राग यायला तिला निदान कारण सापडत होतं, गौतमचं तिला काही केल्या उमगत नव्हतं.

“आणि तू रे? घरात सुतक. पोरीची माती ओली. आणि तू सोंग घालून नाचतोस? टीव्हीवर दिसायची एवढी हौस?”

गौतमने मान वळवली नाही. त्याच्या पाठीचे स्नायू तेवढे हलले.

“त्याला काय बोलतीस,” म्हातारा बाप, सुकऱ्या, आतून बाहेर येत म्हणाला. “चूक माझी. मी शेतावर गेलतो. घरात असतो तर आढ्याला हात लावून दिला नसता.” त्राटिकेचं सोंग सुकऱ्याच्या घराण्याकडे त्याच्या बापापासून होतं. बोहाड्यात, चैत्रातल्या सोंगांच्या उत्सवात, तो त्राटिका घेऊन निघाला की बाया आपली पोरं पदराआड घेत आणि पोरं पदराआडून डोळे मोठे करून बघत. गुडघे गेले तसं सोंग गौतमकडे आलं. घरात दुसरं मोठं असं काही नव्हतंच, हा मान सोडला तर.

फागू दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला तो चप्पल अंगणाबाहेर काढूनच. तो पाड्याचा पंच, बोहाड्याचा सगळा कारभार त्याच्याकडे. कोणाचं सोंग कधी निघायचं, कोणी पुढे राहायचं, हे तोच ठरवी. तो घोंगडीवर बसला, पाणी घेतलं नाही, आणि सरळ बोलायला लागला.

“सुकऱ्या, मी भांडायला नाय आलो. पन बोलल्याबिगर राहवत नाय. चैत्रात संबळावर बोहाड्याची थाप पडते तवा सोंग खाली येतं. बोहाडा झाला का नारळ फोडून, फडक्यात बांधून आढ्याला. मधी त्याला कोनी हात लावत नाय, हे पोरंबी जानतात. तुझ्या पोरानं भाद्रपदात काढलं. सुतकात काढलं. आन जगानं बघितलं. काल माझा नातू आश्रमशाळेतून रडत आला. त्याला पोरं म्हनतात, तुमची देवी लेकरं खाते. हे ऐकायचं व्हतं आमी?”

“घेऊन जा,” सुकऱ्या म्हणाला आणि उठायला लागला. गुडघ्यांनी साथ दिली नाही तसा तो खांबाला धरून उभा राहिला. “काढून देतो. ज्याचं घर चांगलं त्याच्याकडं द्या.”

“नाय द्यायचं!” बायडीच्या बसलेल्या आवाजाला एकदम धार आली. “ह्या पंकजला घेऊन जा. चैत्रात त्याला नाचवा. सोंगाला काहाला नेता?”

“आई!”

“आई नको म्हनू. तुझ्या त्या डबीला आई म्हन.”

“बाबा, थांबा जरा,” सुनिता मधे पडली. “फागूदा, तुमचं चुकीचं नाही. पण सोंग घेऊन गेलात म्हणजे टीव्हीवाल्यांनी म्हटलं ते खरं ठरतं. लोक म्हणतील, त्यांच्याच पंचांनी शिक्षा केली, म्हणजे केलंच असणार काहीतरी.”

“मंग काय करू बाय? तुझा भाऊ नाचला नाय असं म्हनू? बघितलाय की सगळ्यांनी.”

“कुलपासाठी घातलं मी!”

गौतम उभा राहिला होता. कोयता त्याने दगडावर इतक्या जोरात आपटला की परसातल्या कोंबड्या उडाल्या. पाच दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य होतं.

“ती मुंबईची बाई कुलपाकडं बघून म्हनली, नुसतं कुलूप कोन बघतो? कुलपं काय, गावोगाव हायेत. तिनं आढ्याचं गाठोडं बघितलं. हे काय, म्हनली. पंकज मला बाजूला घेऊन बोलला, दादा, दोन मिनटं घाल. म्हनजे बातमी मोठी लागंल. कुलूप सगळ्यांना दिसंल. नायतर लागायचीच नाय.” त्याला धाप लागली. “मला म्हाईत नाय का सुतक? मला म्हाईत नाय का थाप? पन माझी पोर त्या दाराशी गेली आन ते दार कोनाला दिसनार नाय, हे मला पटंना. म्हनून घातलं. हौस नाय मला. सोंग न्या. पन मला सांगा, कुलूप कुठं गेलं?”

फागूने खाली मान घातली आणि घोंगडीचा एक धागा ओढत राहिला. सुनिताला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. घरातला सगळ्यात मोठा मान त्याने पोरीसाठी दिला होता आणि ती त्याला हौस म्हणाली होती. तिचा राग कमी झाला नाही, उलट वाढला, पण आता तो या अंगणात मावेना.

“त्यांनी मला हेच सांगितलं होतं, ताई,” पंकज खाली बघत म्हणाला. “मलाही खरं वाटलं. उन्हाळ्यात विहीर आटल्याची बातमी दिली, लागली नाही. मजुरांचं दिलं, लागलं नाही. दाभोशाच्या धबधब्यावर मुंबईचा एक पोरगा पाय घसरून पडला, हात मोडला, ती दिवसभर चालली. मला बातमी लागली तरच पैसे, नाहीतर पेट्रोल पदरचं. त्याआधी जव्हारच्या पेपरात होतो, तिथं संपादक म्हणायचा, बातमी राहू दे, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आण. मग ज्याची जाहिरात, त्याच्याविरुद्ध लिहायचं नाही. आता या दवाखान्याच्या डॉक्टरचा मेहुणा कोण आहे ते तूच सांग.”

ते सगळ्यांना माहीत होतं. त्या मेहुण्याचे हात जोडलेले फोटो जव्हारच्या बाजारापासून शिरपामाळाच्या वळणापर्यंत लागले होते.

“तुळशीदास असं नव्हता करत,” बायडी म्हणाली.

“तुळशीदासकाका मास्तर होते, आई. पगार शाळेचा होता. त्यांचा पेपर बंद पडला.”

“पेपर बंद पडला. त्याची खोड वाईट नव्हती.”

सुनिताला तो दिवस कालच्यासारखा आठवत होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं ते वाईट वर्ष. पाड्यापाड्यावर पोरं जात होती, घरातलं शेंडेफळ, सावळाही गेला. तुळशीदास पायी आला, चिखलाने पोटऱ्यांपर्यंत माखलेला. पडवीत बसून नागलीची भाकर खाल्ली, बायडीचं सगळं ऐकून घेतलं, लिहिलं, आणि निघायच्या आधी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. ही त्याची रीतच होती. ज्याची बातमी त्याला वाचून दाखवल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. वाचता वाचता तो म्हणाला, मातेने हंबरडा फोडला. बायडीने त्याला तिथंच अडवलं. मी रडली नाय, मी तहसीलदाराला शिव्या घातल्या, त्या लिव. तुळशीदासने खोडलं आणि शिव्या घातल्याचं लिहिलं. तसंच छापून आलं. पंकजने ते कात्रण कंपासपेटीत ठेवलं होतं, दहावीपर्यंत. त्याला वार्ताहर व्हायचं वेड तिथून लागलं.

“फागूदाला पण वाचून दाखवलं होतं,” सुनिता म्हणाली. “रेशनचं.”

“व्हय,” फागू म्हणाला. “मी म्हनलो तांदूळ किडका नव्हता, नव्हताच. किडका असता तर खाल्ला असता. त्यानं तेच लिवलं.” तो पंकजकडे वळला. “तू का नाय वाचून दावलं?”

“काय वाचून दाखवू? लिहितं कोण आता?”

“फोन लाव,” सुनिता म्हणाली. “त्या कापणाऱ्याला. आमच्यासमोर. विचार, कुलूप कुठं आहे.”

पाड्यावर फोनला रेंज फक्त बांधाच्या टोकाला, आंब्याखाली यायची. सगळे तिथं गेले, सुकऱ्यासुद्धा काठी टेकत. पंकजने नंबर लावला आणि सुनिताने त्याच्या हातातून फोन घेऊन स्पीकरचं बटण दाबलं.

“बोल पंकज! जबरदस्त चालली रे तुझी स्टोरी,” पलीकडून उत्साहाने भरलेला आवाज आला.

“सर, ते दवाखान्याच्या कुलपाचं शूट होतं ना. ते लागलंच नाही. इथं लोक विचारतायत.”

“कुलूप? अरे ते झालं आता. ती स्टोरी संपली. नवीन काय ते बोल.”

“सर, इथं त्यामुळे गडबड झालीय. पंच आलेत घरी. सोंग परत मागतायत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “पंच? म्हणजे वाळीत टाकलं? वाळीत टाकलं का त्या बाईला? अरे गाढवा, हे आधी सांगायचं! आपली गाडी नाशिकलाच आहे, दुपारपर्यंत पोचते. लाइव्ह करू. बाईला बसवून ठेव, पण रडू देऊ नको आत्ता, कॅमेऱ्यापुढे रडली पाहिजे. तो मास्क बाहेर काढून ठेव. आणि पंचांना म्हणावं जरा आवाज चढवा, असं पुटपुटू नका.”

फोन बंद झाला. फागूचा चेहरा हळूहळू काळानिळा झाला.

“मी वाळीत टाकलं?” तो म्हणाला. “मी? ह्याच्या पोरीचा खड्डा मी खणला. ह्या हातांनी. मी वाळीत टाकलं?” तो पंकजच्या अंगावर धावलाच असता, बरोबरच्या दोघांनी धरला. “आन आवाज चढवू? संबळ बडवू का? कोंबडं कापू? त्याला म्हनावं, ये तू हिकडं, तुझंच सोंग काढतो आढ्याला बांधून!”

घटकेपूर्वी सोंग घ्यायला आलेला माणूस आता या घरापेक्षा जास्त पेटला होता. सुनिताला भर रागातही त्याचं हसू आलं. सुकऱ्याने फागूच्या खांद्यावर हात ठेवला आणि फागूने तो झटकला नाही.

“दारं लावून घ्यायची,” सुनिता म्हणाली. “कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही. आले तसे जातील.”

“धोंडे मारू,” बायडी म्हणाली.

“आई, धोंडे मारलेस तर तेच दिवसभर दाखवतील.” पंकजने तोंडावरून हात फिरवला. “आणि दारं लावली तरी ते रिकामे जात नाहीत, ताई. जुनं सोंग पुन्हा लावतील, वहिनीचं रडणं पुन्हा लावतील, आणि वर सांगतील की गाव दहशतीत गप्प आहे. मला माहीत आहे. मीच पाठवलीत असली चित्रं.”

“मग काय करायचं?”

“मी बोलंन,” पारू म्हणाली.

ती कधी मागे येऊन उभी राहिली ते कोणाला कळलं नव्हतं. पाच दिवस तिने कोणाशी शब्द काढला नव्हता. दुधाने भरून आलेली छाती दाबायला तिने लुगड्याचं फडकं घट्ट बांधलं होतं आणि ते ओलं झालं होतं. सुनिताने बघितलं आणि नजर वळवली.

“परवा मला रडतानाच धरली. बोलू दिलं नाय. आता बोलंन. पन घरी नाय. त्या पायरीवर बसंन. यायचं त्यानं तिकडं यावं.”

पंकज तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचे डोळे बारीक झाले, गणित सुटत आलेल्या पोरासारखे.

“वहिनी,” तो म्हणाला, “पायरीवर नको. पायरी खाली राहते. दाराला टेकून बसा.”

दुपारी गाडी आली तेव्हा पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळा पाडा ओहोळापलीकडे दवाखान्याच्या आवारात बसला होता. गाडीच्या टपावर थेट प्रक्षेपणाची भली मोठी थाळी होती. गाडीतून उतरलेली बातमीदार मुलगी परवाचीच. पायात चिखलाने भरलेले बूट, डोळे झोपेने सुजलेले, सकाळपासून पोटात काही नसावं. सुनिताला तिची दया येता येता राहिली.

“इथं का बसलेत सगळे?” ती पंकजला म्हणाली. “घरी चल ना. मास्क कुठाय? पंच कुठले यातले?”

“मी,” फागू पुढे झाला. “सोंग आढ्याला हाय. चैत्रात ये, बघायला मिळंल. भाद्रपदात निघत नाय.”

“काका, दोनच मिनिटं...”

“त्या दोन मिनटांचंच भोगतोय बाय.”

बायडी त्या मुलीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. “काय सांगनार हायेस ते आधी वाचून दाव.”

“आजी, लाइव्ह आहे. लिहिलेलं काही नसतं.”

“लिवलेलं नाय? मंग तुला तरी कसं ठावं, तू काय बोलनार?”

मुलीच्या कानातल्या यंत्रातून कोणीतरी ओरडत होतं, ते जवळ उभ्या असलेल्या सुनितालाही ऐकू येत होतं. कॅमेरावाला तोवर दारापाशी गेला होता. पारू दाराला पाठ टेकून बसली होती. तिच्या उजव्या कानाशी, गालाला जवळजवळ चिकटून, ते कुलूप लोंबत होतं, पितळी, हाताच्या पंजाएवढं. कॅमेरावाल्याने डावीकडून लावून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग जवळ गेला, इतका की चेहऱ्याशिवाय काही राहू नये. चेहऱ्याबरोबर कुलूप येतच होतं.

“ताई, जरा इकडे सरका.”

पारू सरकली नाही.

“थोडंसं. सावली येतेय.”

“येऊ दे,” पारू म्हणाली.

कॅमेरावाल्याने कॅमेऱ्यावरून डोळा बाजूला घेतला आणि पंकजकडे बघितलं. “तू बसवलीस तिला?”

पंकजने झोळीतून माइक काढला, डबीसकट, आणि त्याच्या हातात ठेवला. “हा घेऊन जा तुमचा,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणालातरी द्या.” मग तो येऊन बायडीच्या बाजूला उभा राहिला. बायडीने त्याच्याकडे बघितलं नाही, पण शिवीही दिली नाही.

वेळ नव्हता. मुलगी पारूशेजारी टेकली, केस सारखे केले, आणि तिचा आवाज क्षणात बदलून परवाचा तो घाईघाईचा आवाज झाला. वाळीत टाकलेली आई, एकाकी आई, असं काहीसं ती म्हणाली आणि माइक पारूपुढे धरला. “काय वाटतं तुम्हाला आज?”

“काय वाटनार?” पारू म्हणाली. ती रडत नव्हती. “माझी पोर जिती होती तवा मी हितं आनली. हे कुलूप होतं. मी हाका मारल्या. दार बडवलं, हाताला हे बघ वन हायेत. पोर माझ्या मांडीवर गेली, कुलूप तसंच. मंग मांडव घातला तवा काढलं, मला शिकवायला. मांडव गेला, पुन्ना लावलं. आमी नाचलो नाय. आमच्यात कोनी मेल्यावर नाचत नाय.”

“पण पंचांनी तुम्हाला...”

“पंच हितंच बसलेत, त्यांनी पोरीला माती दिली. त्यांना सोड. ह्या कुलपाची किल्ली कोनाच्या खिशात हाय, ते तू इचार. तुला गाडी हाय, माइक हाय. जा, नाशिकला जा, आन इचार.”

मुलीच्या कानातला आवाज फुटून जाईल इतका चढला होता. तिने माइक खाली घेतला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा आणखी थोडा वेळ जळत राहिला आणि विझला.

हसावं की ओरडावं ते सुनिताला कळेना. तिने पंकजचा फोन घेतला, आवाराच्या उंचवट्यावर जाऊन रेंज धरली आणि जव्हारला घरी लावला. हर्षाली टीव्हीपुढेच बसून होती.

“बघितलंस?”

“हो आई. मामी दिसली. बराच वेळ.”

“काय म्हणाली, ऐकलंस ना सगळं?”

“आवाज नव्हता गं. मामीचे नुसते ओठ हलत होते. सुरुवातीला थोडा आला, मग त्यांनी ते रडकं संगीत लावलं आणि स्टुडिओतला माणूसच बोलत राहिला, अंधश्रद्धेवर.”

सुनिता तिथंच खाली बसली. गवत ओलं होतं, साडी भिजली, तिला कळलंही नाही. तिच्या तोंडात बायडीच्या सगळ्या शिव्या एकदम आल्या.

“पण आई,” हर्षाली म्हणाली, “मामीच्या तोंडाशेजारी ते कुलूप केवढं मोठं दिसत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेजारचे काका आले होते बघायला, ते विचारत होते, हे कसलं कुलूप?”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं सगळं. त्यांनी त्यांच्या ऑफिसात फोन केला, तिथलेही तेच विचारत होते म्हणे.”

सुनिता खाली आली. गाडीवाले थाळी मिटवत होते. ती मुलगी उंचवट्याच्या कडेला बसून कोणाशी तरी फोनवर नुसतं हो सर, हो सर म्हणत होती. गौतम, फागू, सुकऱ्या, सगळे सुनिताच्या तोंडाकडे बघत होते. पारू दाराला टेकून तशीच बसलेली होती.

“कुलूप दिसलं, पारू,” सुनिता म्हणाली.

“आन बोलनं?”

खोटं बोलावं असं सुनिताला क्षणभर वाटलं. “बोलणं ऐकू नाही आलं. त्यांनी दाबलं.”

पारूने मान वळवून कुलपाकडे बघितलं. गाल त्याला लागला तसा तो थंड लागला असावा, कारण ती जरा शहारली.

“मंग उठायचं नाय,” ती म्हणाली, आणि थोडी सरकून तिने सासूला बसायला जागा केली.